रस्त्याची ई-निविदा कशी तपासावी : निविदा सूचनेपासून डांबराच्या चलनापर्यंत

गावच्या रस्त्याबद्दल तक्रार होते ती बहुतेक वेळा पहिल्या पावसाळ्यानंतर. खडी वर येते, कडा ढासळतात, मग निवेदने निघतात, उपोषणाचे इशारे दिले जातात. तोवर काम दिले गेलेले असते, मोजले गेलेले असते आणि देयकही निघालेले असते. त्या रस्त्याच्या निविदेच्या अटी, परिमाणे आणि तारखा मात्र काही महिन्यांपूर्वीच संकेतस्थळावर लागलेल्या होत्या आणि कोणालाही फुकट वाचता येत होत्या. काही बदलून घ्यायची संधी त्या पंधरावीस दिवसांत सगळ्यात मोठी असते. म्हणून या लेखात निम्मी जागा निविदा उघडण्याआधीच्या तपासणीला दिली आहे.

उदाहरण म्हणून सार्वजनिक बांधकाम विभागाचा किंवा जिल्हा परिषदेचा एखादा डांबरी रस्ता धरला आहे. इमारत, पूल, पाणीपुरवठा यांनाही पद्धत हीच, फक्त हिशेबाच्या बाबी बदलतात.

निविदा शोधणे

महाराष्ट्रातील शासकीय कामांच्या ई-निविदा महाटेंडर्स डॉट जीओव्ही डॉट इन या संकेतस्थळावर लागतात. ही प्रणाली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची, म्हणजे एनआयसीची आहे. केंद्राचे निविदा संकेतस्थळही याच प्रणालीवर चालते, त्यामुळे एक वाचता आले की दुसरे अडत नाही. वाचण्यासाठी नोंदणी किंवा डिजिटल स्वाक्षरी लागत नाही, ती फक्त निविदा भरणाऱ्याला लागते. 'टेंडर्स बाय ऑर्गनायझेशन' मधून विभाग निवडा, कॅप्चा भरा, यादी उघडते.

शोध शब्दांवर सोडू नका. गावाचे नाव इंग्रजीत चार प्रकारे लिहिले जाते आणि कामाच्या शीर्षकात ते कधी नसतेही. फक्त रस्त्याचा क्रमांक आणि साखळी क्रमांक, म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासून मोजलेले अंतर असते, उदाहरणार्थ किमी 12/400 ते 13/400. म्हणून आधी आपल्या रस्त्याचा क्रमांक (ग्रामीण मार्ग, इतर जिल्हा मार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग) शाखा अभियंत्याकडून घेऊन ठेवा आणि आठवड्यातून एकदा त्या विभागाची पूर्ण यादी नजरेखालून घाला. दहा मिनिटांचे काम आहे.

यादीत काम सापडलेच नाही तर दोन शक्यता तपासा. पहिली, ते काम खुल्या निविदेत आलेच नसेल. ठरावीक मर्यादेखालची कामे सुशिक्षित बेरोजगार अभियंते, मजूर सहकारी संस्था आणि खुले कंत्राटदार यांच्यात शासनाने ठरवलेल्या प्रमाणात काम वाटप समितीमार्फत वाटली जातात. या मर्यादा शासन निर्णयांनी बदलत आल्या आहेत, म्हणून कामाच्या तारखेला लागू असलेला निर्णय काढून वाचा. दुसरी शक्यता गंभीर आहे : एकाच रस्त्याचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा मर्यादेखाली बसवणे. सलग साखळी क्रमांक, एकाच आठवड्यातली प्रशासकीय मान्यता आणि मर्यादेच्या जेमतेम खाली असलेली रक्कम हे तीन एकत्र दिसले, तर सगळ्या तुकड्यांचे आदेश एका कागदावर मांडून ठेवा. ही मांडणी तक्रारीत शंभर वाक्यांपेक्षा जास्त बोलते.

निविदा सापडली की टेंडर आयडी लिहून घ्या. त्यात वर्ष, कार्यालयाचे संक्षिप्त नाव, क्रमांक आणि शेवटी 1, 2, 3 असा कामाचा अनुक्रम असतो. पुढचा सगळा पत्रव्यवहार याच आयडीवर करा. त्याच दिवशी सर्व कागद उतरवून घ्या : निविदा सूचना, निविदा संच, परिमाणपत्रकाची (कोणती बाब किती करायची या यादीची) एक्सेल फाइल, नकाशे. शुद्धिपत्रक निघाले तर तेही निघाल्या दिवशीच. नंतर कोणती अट कधी बदलली हे दाखवायला मूळ प्रत हातात लागते.

तारखांचा तक्ता

निविदेच्या पानावर तारखांचा एक चौकोन असतो : प्रसिद्धी, कागद उतरवून घेण्याची मुदत, शंका विचारण्याची मुदत, निविदापूर्व बैठक, सादर करण्याची सुरुवात आणि शेवट, उघडण्याची तारीख. प्रसिद्धी आणि शेवट यांत किती दिवस आहेत ते मोजा, आणि त्यातून सुट्ट्या वजा करा. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम 2017 नुसार निविदा भरायला साधारणपणे किमान तीन आठवडे द्यावे लागतात. राज्यातल्या कामाला राज्याचेच आदेश लागू होतात, पण मोजपट्टी म्हणून तीन आठवडे लक्षात ठेवा. दिवाळीच्या आदल्या दिवशी लागलेली आणि सुट्ट्या संपताच बंद होणारी आठ दिवसांची निविदा कागदोपत्री खुली असते. बाहेरच्या कंत्राटदाराला मात्र तेवढ्यात दर काढणे, जागा पाहणे, बँकेची कागदपत्रे जमवणे शक्य होत नाही.

अल्प मुदतीची निविदा असेल तर निकडीचे कारण फाइलवर नोंदलेले असायला हवे. ते कारण आणि प्रशासकीय मान्यतेची तारीख शेजारी ठेवा. मान्यता मिळाल्यावर फाइल चार महिने पडून होती आणि निविदेला आठ दिवस दिले, तर निकड कशाची?

शुद्धिपत्रकाची वेळही पाहा. शेवटच्या दोन दिवसांत अट किंवा परिमाण बदलले आणि मुदत वाढवली नाही, तर ज्यांनी आधीच निविदा भरली त्यांना ती पुन्हा सादर करावी लागते. परिमाणपत्रकाची फाइल बदलली असेल आणि कुणी जुनीच भरली, तर ती निविदा बाद होते. लहान कंत्राटदार इथेच सर्वाधिक अडकतात.

अटी : खरी चाळणी इथे लागते

ही प्रणाली एक गोष्ट चोख करते. भरलेली निविदा सांकेतिक रूपात बंद होते आणि नेमलेले अधिकारी आपापल्या डिजिटल स्वाक्षरीने उघडेपर्यंत कुणी भरली, कितीला भरली हे कुणालाच दिसत नाही. वेळ सर्व्हरची धरली जाते, कार्यालयातल्या घड्याळाची नाही. त्यामुळे ज्याला निविदा 'मॅनेज' करायची असते तो प्रणालीला हात लावत नाही. तो अशा अटी घालून घेतो की गुप्तता बाहेरच्या बाहेर फुटावी.

जागेची पाहणी केल्याचा उपअभियंत्याचा दाखला जोडा, ही अशीच एक अट. जागा पाहावी हे योग्यच आहे, पण दाखला अधिकाऱ्याकडून घ्यायचा म्हणजे कोण कोण भरणार याची यादी निविदा बंद होण्याआधी कार्यालयात तयार होते. दाखला द्यायला साहेब जागेवर नसले की बाहेरचा माणूस आपोआप गळतो. तारीख आणि ठिकाण नोंदलेले छायाचित्र आणि कंत्राटदाराचे स्वयंघोषणापत्र यांनी तेच काम भागते. कागदपत्रांची छापील प्रत निविदा उघडण्यापूर्वी कार्यालयात जमा करा, या अटीचा परिणामही तोच. यशस्वी ठरलेल्याकडून मूळ कागद नंतर पडताळता येतात.

हॉटमिक्स किंवा काँक्रीट प्लांटचे अंतर हे तिसरे ठिकाण. डांबरी मिश्रण गरम असतानाच अंथरून दाबावे लागते, त्यामुळे प्लांट फार लांब नको ही मागणी तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. पण अंतर इतके तंग ठेवले की त्या परिघात एकच प्लांट उरतो, तर स्पर्धा त्या प्लांटमालकाच्या होकारावर येऊन थांबते. नकाशावर कामाचे ठिकाण मध्यबिंदू धरून वर्तुळ काढा आणि आत किती प्लांट आहेत ते मोजा. प्लांट स्वतःच्या मालकीचाच हवा, भाड्याचा करार चालणार नाही, असे लिहिले असेल तर ते वेगळे नोंदवा.

अनुभव आणि उलाढालीची अट मोजायला एक चांगला मापदंड आहे. केंद्रीय दक्षता आयोगाच्या डिसेंबर 2002 च्या परिपत्रकानुसार मागील सात वर्षांत तशाच स्वरूपाची तीन कामे, प्रत्येकी अंदाजित किमतीच्या 40 टक्के, किंवा दोन कामे प्रत्येकी 50 टक्के, किंवा एक काम 80 टक्के, आणि तीन वर्षांची सरासरी वार्षिक उलाढाल किमतीच्या किमान 30 टक्के, एवढे पुरेसे मानले जाते. आयोगाचे क्षेत्र केंद्राच्या संस्थांपुरते आहे, तरी तुलनेला आकडे उपयोगी पडतात. 80 लाखांच्या रस्त्याला या हिशेबाने 32 लाखांची तीन, 40 लाखांची दोन किंवा 64 लाखांचे एक काम आणि 24 लाखांची सरासरी उलाढाल चालावी. निविदेत 80 लाखांचे पूर्ण झालेले काम, तेही याच जिल्ह्यातले आणि याच विभागातले, अशी मागणी असेल तर कुणासाठी मोजमाप घेतले आहे ते विचारायला हवे.

निविदा क्षमतेचे सूत्र बहुतेक मोठ्या निविदांत असते : (ए × एन × 2) − बी. ए म्हणजे मागील पाच वर्षांतली सर्वाधिक वार्षिक उलाढाल, दरवाढ धरून. एन म्हणजे कामाची मुदत वर्षांत. बी म्हणजे त्याच काळात हातातल्या इतर कामांची उरलेली किंमत. गुणक कुठे 1.5 असतो, कुठे 2.5. उलाढाल 2 कोटी, मुदत 6 महिने आणि हातातली कामे 80 लाखांची असतील तर क्षमता 2 × 0.5 × 2 = 2 कोटी, वजा 80 लाख, म्हणजे 1 कोटी 20 लाख. गडबड होते ती 'बी' मध्ये. हातातली कामे लपवली की क्षमता फुगते. त्याच कंत्राटदाराला शेजारच्या विभागांत मिळालेली कामे संकेतस्थळाच्या निकालांत दिसतात. त्याच्या प्रतिज्ञापत्रातल्या यादीशी ती ताडून पाहा.

तुकडे पाडण्याचा उलटा प्रकार म्हणजे मोट बांधणे. दहा गावांची दहा लहान कामे एका निविदेत घातली की तालुक्यातल्या कुणाची क्षमता पुरत नाही आणि बाहेरचा मोठा कंत्राटदार घेऊन तीच कामे पोटठेक्याने वाटतो. गावाला जाब द्यायला समोर कुणीच उरत नाही.

परिमाणपत्रक आणि वहन अंतर

महाराष्ट्रात निविदेचे दोन नमुने सर्वाधिक दिसतात. बी-1 मध्ये प्रत्येक बाबीचा दर खात्याने दिलेला असतो आणि कंत्राटदार एकूण रकमेवर इतके टक्के कमी किंवा जास्त एवढेच भरतो. बी-2 मध्ये तो प्रत्येक बाबीचा दर स्वतः लिहितो. कोणता नमुना आहे यावर पुढची तपासणी ठरते.

प्रथम परिमाणे. किलोमीटरभर लांबीचा आणि 3.75 मीटर रुंदीचा रस्ता म्हणजे 3,750 चौरस मीटर. 20 मिलिमीटर कार्पेट (वरचा डांबरी थर), सील कोट (त्यावर पाणी अडवणारा लेप), खालचा मॉडिफाइड पेनिट्रेशन मॅकॅडमचा थर या पृष्ठभागावरच्या बाबी चौरस मीटरमध्ये असतात आणि एवढ्याच यायला हव्यात. वळणे आणि जोडरस्त्यांसाठी थोडी वाढ समजण्यासारखी आहे, 4,600 चौरस मीटर नाही. 15 सेंटिमीटर जाडीचा खडीचा थर त्याच क्षेत्रावर 562.5 घनमीटर होतो. बाजूपट्ट्यांचा मुरूम वेगळा काढा.

मग साखळी क्रमांक. त्याच किलोमीटरवर गेल्या तीन वर्षांत दुसऱ्या योजनेतून काम झाले आहे का? आमदार निधी, जिल्हा नियोजन समिती, ग्रामविकास आणि बांधकाम विभाग यांची कामे वेगवेगळ्या कार्यालयांतून निघतात आणि एकमेकांच्या फाइली कुणी पाहत नाही. आधीचे काम दोषदायित्व कालावधीत असेल तर तिथली दुरुस्ती जुन्या कंत्राटदाराने स्वखर्चाने करायची असते. त्यावर नवी निविदा म्हणजे एकाच खड्ड्याचे दोनदा पैसे.

दर राज्य दरसूचीशी जुळवा. दरसूची बांधकाम विभाग प्रसिद्ध करतो. दर जुळला तरी तपासणी संपत नाही, कारण खडी, मुरूम, वाळू यांच्या दरात वहनाचा खर्च वेगळा मिळवलेला असतो. अंदाजपत्रकाला वहन तक्ता जोडलेला असतो. त्यात कोणती खाण, किती किलोमीटर हे लिहिलेले असते. गावापासून 9 किलोमीटरवर चालू खडीकेंद्र असताना तक्त्यात 38 किलोमीटर दाखवले, तर प्रत्येक घनमीटरमागे पैसे वाढतात आणि दरसूची मात्र तंतोतंत पाळलेली दिसते. हे पकडायला अभियंता असावे लागत नाही. खडी कुठून येते ते गावाला माहीत असते.

हरकत कशी लिहावी

शंका विचारण्याची ऑनलाइन सोय नोंदणीकृत निविदाधारकांसाठी आहे. नागरिकाने कार्यकारी अभियंत्याला लेखी पत्र आणि ईमेल द्यावा, प्रत अधीक्षक अभियंत्याला. जिल्हा परिषदेचे काम असेल तर मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला. पोच घ्या. निविदापूर्व बैठकीच्या आधी पत्र पोहोचले तर उत्तम, उशिरात उशिरा निविदा बंद होण्याच्या चार दिवस आधी. उघडल्यानंतर आलेल्या हरकतीवर अट बदलता येत नाही, निविदाच रद्द करावी लागते, आणि ते कुणाला नको असते.

पत्रात चार गोष्टी हव्यात : टेंडर आयडी, अटीचा पान क्रमांक आणि अनुक्रमांक, तिचा परिणाम एका वाक्यात, आणि काय बदल हवा. 'भ्रष्टाचार', 'संगनमत' हे शब्द या टप्प्यावर टाळा. 'पान 27, अट 4.6 मधील 15 किमी अंतरामुळे एकच प्लांट पात्र ठरतो. अंतर वाढवावे व भाडेकरार ग्राह्य धरावा' असे लिहिलेले पत्र फाइलवर राहते आणि उत्तर द्यावे लागते. पुढे प्रकरण न्यायालयात गेले तरी हाच कागद कामी येतो. टाटा सेल्युलर प्रकरणात 1994 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेल्या चौकटीनुसार निविदा प्रकरणात न्यायालय निर्णय कसा घेतला ते तपासते, स्वतः दर ठरवायला बसत नाही.

निविदा उघडल्यावर

'टेंडर स्टेटस' मध्ये आयडी टाकला की काम कोणत्या टप्प्यावर आहे ते कळते : तांत्रिक लिफाफा उघडला, तांत्रिक छाननी, आर्थिक लिफाफा उघडला, काम दिले, रद्द, फेरनिविदा. प्रत्येक टप्प्याचा गोषवारा तिथे जोडलेला असतो. तांत्रिक गोषवाऱ्यात कोण बाद झाले आणि का, हे वाचा. 'कागदपत्रे अपूर्ण' एवढेच लिहिले असेल तर ते कारण नाही. कोणता कागद, निविदेतल्या कोणत्या अटीनुसार, हे नोंदायला हवे. दोन निविदाधारकांत तीच उणीव असताना एक बाद आणि एक पात्र, असे झाले असेल तर ते सगळ्यात ठोस सापडते.

आर्थिक लिफाफ्यानंतर तुलनात्मक तक्ता येतो. पहिल्या फेरीत सहसा किमान तीन निविदा पाहिल्या जातात, म्हणून ठरवून जिंकणाऱ्याला दोन 'सपोर्ट', म्हणजे नावापुरत्या भरलेल्या निविदा लागतात. बी-1 निविदेत 1.20 टक्के कमी, 0.50 टक्के कमी आणि अंदाजपत्रकाएवढाच, असे तिघे चिकटून बसलेले दिसतात. शेजारच्या तालुक्यात खरी स्पर्धा झालेल्या कामाला दर 15-20 टक्के 'बिलो' गेलेले असताना इथे असे का, हा पहिला प्रश्न. एका तक्त्यावरून काही सिद्ध होत नाही. त्या विभागाच्या वर्षभराच्या तक्त्यांची वही करा : कोण जिंकला, कोण दुसरा, कोण तिसरा. तीच तीन नावे आळीपाळीने जागा बदलताना दिसली तर ते स्पर्धा कायदा 2002 च्या कलम 3 खालचे संगनमत असू शकते आणि भारतीय स्पर्धा आयोगाकडे माहिती देता येते. बी-2 मध्ये आणखी एक खूण मिळते. हरलेल्याचे सगळे दर जिंकलेल्याच्या दरांना एकाच आकड्याने गुणून आलेले असतात. एक्सेलमध्ये भागाकाराचा स्तंभ काढला की दिसते.

बी-2 मधली दुसरी चलाखी जास्त महाग पडते, आणि ती एकटा कंत्राटदारही करू शकतो. एक साधे गणित पाहा. मोरीच्या कामात कठीण खडकातले खोदकाम 200 घनमीटर आणि काँक्रीट 300 घनमीटर आहे. पहिला कंत्राटदार खोदकामाला 900 रुपये आणि काँक्रीटला 5,600 भरतो : 1,80,000 अधिक 16,80,000, एकूण 18,60,000. दुसरा 450 आणि 6,000 भरतो : 90,000 अधिक 18,00,000, एकूण 18,90,000. पहिला 30 हजारांनी स्वस्त, काम त्याला. प्रत्यक्षात खोदकाम 250 घनमीटर मोजले गेले आणि काँक्रीट 240 वर थांबले. आता पहिल्याचे 2,25,000 अधिक 13,44,000, म्हणजे 15,69,000. दुसऱ्याचे झाले असते 1,12,500 अधिक 14,40,000, म्हणजे 15,52,500. सगळ्यात कमी दराची निविदा आता सगळ्यात कमी राहिली नाही. करारातल्या कलम 38 नुसार परिमाण 25 टक्क्यांपेक्षा जास्त वाढेपर्यंत निविदेचाच दर लागू राहतो. इथे खोदकाम बरोबर 25 टक्के वाढले आहे, त्यामुळे कुठलाच नियम मोडलेला नाही. ज्या बाबीचा दर दरसूचीच्या दुप्पट आहे तिचे परिमाण देयकात किती झाले, हे म्हणून शेवटपर्यंत पाहावे लागते. 'खडक लागला' ही नोंद मातीत गाडली जाण्यापूर्वी तिचे छायाचित्र गावाकडेही असलेले बरे.

फार कमी दराने गेलेल्या कामातही धोका आहे. दर बराच खाली गेला तर अतिरिक्त सुरक्षा अनामत भरावी लागते, किती ते निविदेतच लिहिलेले असते. ती भरल्याची पावती आणि तिची मुदत कामाच्या मुदतीपेक्षा पुढे आहे का, हे दोन्ही पाहा.

कागद मिळवणे

माहिती अधिकाराचा अर्ज लगेच टाकू नका. आधी सोमवार वापरा. 26 नोव्हेंबर 2018 च्या शासन निर्णयानुसार जिल्हा व त्याखालच्या कार्यालयांत, जिल्हा परिषदा व महापालिकांतही, दर सोमवारी दुपारी 3 ते 5 नागरिकांना अभिलेख पाहता येतात. सोमवारी सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. शासन निर्णयाची प्रत सोबत न्या. फाइल समोर आली की पान क्रमांक टिपून घ्या. मग अर्जात नेमकी पाने मागता येतात आणि 'माहिती विस्तृत आहे' हे उत्तर येत नाही.

राज्याच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण 150 शब्दांपर्यंत असावा, शुल्क 10 रुपये, कोर्ट फी स्टँप चालतो. मजकूर असा :

'विषय : टेंडर आयडी (क्रमांक) या कामाचे अभिलेख. कालावधी : निविदा प्रसिद्धीपासून आजपर्यंत. तपशील : 1) तांत्रिक छाननीचे इतिवृत्त; 2) तुलनात्मक तक्ता व निविदा स्वीकृतीची टिपणी; 3) कार्यारंभ आदेश व मुदतवाढीचे आदेश; 4) मोजमाप पुस्तकातील या कामाची पाने व सर्व देयके; 5) देयकांसोबतची डांबराची चलने व चाचणी अहवाल. प्रमाणित प्रती टपालाने द्याव्यात.'

वेळ महत्त्वाची आहे. छाननी चालू असताना अर्ज केला तर कलम 8(1)(घ) मधील व्यापारी गोपनीयतेचे कारण पुढे येते. कार्यारंभ आदेश निघाल्यावर ते कारण फारसे टिकत नाही. 30 दिवसांत उत्तर नाही आले तर पुढच्या 30 दिवसांत प्रथम अपील, शुल्क 20 रुपये. त्यानंतर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील. कलम 2 मध्ये कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही अधिकार आहे. रस्त्यासाठी तो कागदांपेक्षा मोलाचा आहे आणि फार कमी लोक वापरतात.

डांबराचा हिशेब

देयकासोबत डांबराची चलने, म्हणजे डांबर आणल्याच्या पावत्या जोडलेल्या असतात. किती डांबर लागायला हवे होते हे घरी बसून काढता येते. 20 मिलिमीटर जाडीच्या प्रीमिक्स कार्पेटला दर 10 चौरस मीटरला 14.6 किलो डांबर लागते. सील कोट 'ए' प्रकारचा असेल तर 9.8 किलो, 'बी' असेल तर 6.8 किलो. आपल्या 3,750 चौरस मीटरसाठी कार्पेटला 375 × 14.6 = 5,475 किलो आणि 'ए' सील कोटला 3,675 किलो. दोन्ही मिळून 9.15 टन, टॅक कोट (थर चिकटवणारा डांबराचा फवारा) आणि खालच्या थरांचे वेगळे.

चलनांची बेरीज याच्या जवळ येते का? येत असेल तर चलनांवरची तारीख, टँकरचा क्रमांक, डांबराची प्रत आणि चलन क्रमांक पाहा. काम संपल्यानंतरच्या तारखेचे चलन त्या कामाचे असू शकत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचे, तेच चलन त्याच कंत्राटदाराच्या दुसऱ्या कामाच्या देयकाला जोडले आहे का? हे एका फाइलीत कधीच दिसत नाही. दोन कामांची चलने शेजारी ठेवली तरच दिसते, म्हणून एकाच हंगामातल्या किमान तीन कामांची चलने मागवा, प्रत्येकाचा अर्ज वेगळा. खडी-मुरमासाठी हीच तपासणी गौण खनिजाच्या वाहतूक पासांवरून होते.

मोजमाप पुस्तकात मोजणीची तारीख, लांबी, रुंदी, जाडी आणि सही असते. संपूर्ण किलोमीटरला जाडी एकसारखी, अगदी मिलिमीटरला मिलिमीटर, असेल तर टेप लावलाच गेला नसावा. चाचणी अहवालांतली नमुना घेतल्याची तारीख आणि मोजमापाची तारीख जुळवा. आधी मोजणी, देयक आणि मग नमुना, हा क्रम उलटा आहे.

तफावत सापडली तर

तक्रार कार्यकारी अभियंत्याकडून सुरू करून विभागाच्या दक्षता व गुणनियंत्रण मंडळाकडे न्या, 'आपले सरकार' वरही नोंदवा. लाच मागितली गेल्याचा पुरावा असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 हा क्रमांक आहे. प्रत्येक मुद्द्याला कागदाचा पान क्रमांक द्या आणि मागणी मोजता येईल अशी ठेवा : अमुक साखळी क्रमांकांवर ग्रामस्थांसमोर कोअर (रस्त्यातून कापून घेतलेला नमुना) काढावा, अमुक चलनाची रक्कम वसूल करावी.

एक तारीख आजच वहीत लिहा : काम पूर्ण झाल्याच्या दाखल्याची तारीख, आणि तिच्यात दोषदायित्वाची वर्षे मिळवून येणारी तारीख. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत ही पाच वर्षे असतात, इतर कामांत करारात लिहिलेली. त्या मुदतीत पडलेला प्रत्येक खड्डा साखळी क्रमांक आणि छायाचित्रासह लेखी कळवा. मुदत संपायच्या दोन महिने आधी सुरक्षा अनामत परत करू नये असे पत्र द्या आणि सोबत न बुजवलेल्या खड्ड्यांची यादी जोडा. अनामत परत गेली की कंत्राटदाराला बोलवायला कार्यालयाच्या हातात काही उरत नाही.